मी तोललेला उंट

मित्रांनो, तुमच्या पापणीचा एक केस गळून पडला, तर तुम्हाला पत्ताही लागत नाही. तोच केस माझ्या तबकडीवर पडला, तर मला लगेच कळते. माझ्या पट्टीवरचा आकडा हलतो आणि मी त्या केसाचे वजन सांगतो. होय, मी औषधांच्या प्रयोगशाळेतला वजनकाटा आहे. भाजीवाल्याकडचा काटा माझा लांबचा भाऊ म्हणा. तो किलो मोजतो, मी मिलिग्रॅमचा शंभरावा हिस्सा मोजतो. आता माझे वय झाले आहे. काचेच्या पेटीच्या एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे. पण आकड्याला मी आजही पक्का आहे. ही बढाई नव्हे. बरे, थोडी आहेच. ती का आहे, ते ऐका.

माझी जुळणी एका कारखान्याच्या तळमजल्यावर झाली. तिथे सुटे भाग जुळवणारे एक जोडारीकाका होते. जाड भिंगांचा चष्मा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि हातात कायम एक चिमटा. तपासणीची छोटी छोटी वजने ते त्या चिमट्यानेच उचलत. एकदा नव्याने लागलेल्या कामगाराने एक वजन बोटांनी उचलले, तेव्हा काका म्हणाले, "अरे, तुझ्या बोटाला तेल असतं आणि तेलाला वजन असतं. ते काय काट्याने आपल्या पदरचं घालायचं?" माझ्याबरोबर जुळवलेल्या पाच काट्यांपैकी दोन त्यांनी नापास केले. मला त्यांनी तीन दिवस उलटेपालटे करून तपासले. चौथ्या दिवशी माझ्या पाठीवर आपल्या सहीची चिठ्ठी चिकटवली आणि मी शहाण्यासारखा खोक्यात जाऊन बसलो.

खोके उघडले ते एका लहानशा खोलीत. तिथे पंखा नव्हता. खिडकी होती, पण ती कधी उघडत नसत. मधोमध काळ्या दगडाचे जाड टेबल होते आणि ते भिंतीला टेकलेले नव्हते. मला त्यावर ठेवायला जी आली, ती नुकतीच नोकरीला लागलेली एक रसायनतज्ज्ञ होती. मला ठेवण्याआधी तिने आपला तळहात त्या दगडावर ठेवला आणि ती दहा मिनिटे तशीच उभी राहिली. कॉरिडॉरमधली लिफ्ट थांबली की दगडात बारीक थरथर होत होती. रस्त्यावरून ट्रक गेला तरी होत होती. तिने टेबलाच्या चारी पायांखाली रबराचे तुकडे घातले, पुन्हा हात ठेवून पाहिला आणि मगच मला उचलले. मी सपाट उभा आहे की नाही ते दाखवणाऱ्या पाणसळीचा बुडबुडा बरोबर मध्ये येईपर्यंत तिने माझे पाय फिरवले. तेव्हाच मी ओळखले की माझे इथे बरे जमणार.

तिला सगळे गुंजताई म्हणत. हे नाव भांडारातल्या भांडारीबुवांनी पाडले. एकदा अर्ध्या मिलिग्रॅमचा फरक पडला, म्हणून तिने दोन दिवसांचे काम पुन्हा पहिल्यापासून केले होते. बुवा म्हणाले, "या बाई सोनाराच्या घरात जन्मायच्या, चुकून इकडे आल्या. गुंजभर सोडत नाहीत!" गुंज म्हणजे सोनार पूर्वी तोलायला वापरत ती लालचुटुक बी. ताईला नाव आवडले. तिने ते आपल्या पांढऱ्या कोटाच्या खिशावर रंगीत दोऱ्याने शिवूनही टाकले.

मित्रांनो, औषध कसे तयार होते, ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक पदार्थ अतिशय लहान कणांचा बनलेला असतो. त्यांना रेणू म्हणतात. प्रत्येक रेणूला आपला आकार असतो. रोगाच्या जंतूमध्ये एखादी खाच असते आणि तिच्यात नेमका बसेल असा रेणू सापडला, तर जंतूचे काम बंद पडते. कुलूप आहे, किल्ली शोधायची आहे. पण या किल्ल्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्या किती प्रकारच्या असू शकतात, ते मोजायला आकडे पुरत नाहीत. गुंजताई विचार करकरून एक रेणू कागदावर काढी. मग महिना दोन महिने खपून तो काचेच्या भांड्यांत बनवी. शेवटी चिमूटभर पांढरी पूड माझ्याकडे येई. मी वजन सांगे. पूड खालच्या मजल्यावर जंतूंच्या खोलीत जाई आणि बहुतेक वेळा तिथून एकच उत्तर येई, की जंतू मजेत आहेत.

अशी एकोणीस वर्षे गेली. ताईच्या आणि तिच्या सोबत्यांच्या तीन हजारांवर पुड्या माझ्या तबकडीवरून गेल्या. एकीचेही औषध झाले नाही. माझे म्हणाल, तर मी माझे काम चोख करत होतो. पण मऊ कुंचल्याने माझी तबकडी पुसता पुसता ताई एके दिवशी हळूच म्हणाली, "तीन हजार झाल्या रे." मग कुंचला जागेवर ठेवून ती दार लावून निघून गेली.

ताईची मोठी बहीण, अक्का, शहरातल्या मोठ्या रुग्णालयात परिचारिका होती. जखमांचा वॉर्ड तिच्याकडे होता. कामाची पाळी लवकर संपली की ती दुपारी प्रयोगशाळेत डोकावे आणि वजनाच्या खोलीबाहेरच्या बाकावर दोघी बहिणी डबा खात. एका दुपारी अक्काने डबा उघडलाच नाही.

"सहा नंबरच्या खाटेवर एक सुतार होता बघ," ती म्हणाली. "करवत लागून तळहात कापला होता. साधी जखम गं. पण तिच्यात तो जंतू शिरला, कुठल्याच औषधाला दाद न देणारा. होती नव्हती तेवढी सगळी औषधं देऊन झाली."

"मग?"

"मग काय? आज सकाळी मनगटापासून हात काढला. जीव वाचवायला दुसरा इलाज नव्हता." अक्काने डबा बाजूला सरकवला. "उजवा हात, बाई. शुद्धीवर आल्यावर त्याने मला विचारलं, माझी हत्यारं आता कोण वापरणार?"

दोघी उठल्या तेव्हा दोघींचे डबे भरलेलेच होते. त्या दिवसापासून गुंजताईने बाकीची कामे सोबत्यांना वाटून दिली आणि त्या एका जंतूचा पिच्छा धरला.

साधारण त्याच सुमारास आमच्याकडे एक गणिती आला. पस्तिशीचा माणूस, दाढी वाढलेली, बुटाची एक नाडी हमखास सुटलेली. त्याने रसायनाचे एक भांडेही कधी हातात धरले नव्हते. त्याच्याकडे संगणकावर चालणारी एक कृत्रिम बुद्धिमत्ता होती. आम्ही सगळे तिला नुसते 'यंत्र' म्हणू. गणिती पहिल्याच दिवशी ताईला म्हणाला, "ताई, हे यंत्र नवे रेणू सुचवतं."

"कुठल्या पुस्तकातून काढतं?"

"पुस्तकातून नाही. आजवर माहीत असलेले लाखो रेणू मी त्याला दाखवलेत. कोणता कशाला चिकटतो, कोणता जंतू मारतो, तेही शिकवलंय. लहान मूल घरातलं बोलणं ऐकत ऐकत एक दिवस कुणीच न शिकवलेलं वाक्य बोलतं ना? तसंच. हे कुणीच न पाहिलेले रेणू काढतं."

"लहान मूल वाट्टेल ते पण बोलतं," ताई म्हणाली. "आण बघू यादी."

यादीत बाराशे रेणू होते. ताई पेन्सिल घेऊन बसली आणि एकेकावर काट मारत सुटली. "हा बनणार नाही. हा बनेल, पण बाटलीतच फुटेल. हा जंतूला मारेल, आणि माणसालाही. आणि हा बघ, याच्या कार्बनला शेजारचे अणू धरायला पाच हात काढलेत, असतात चारच रे बाबा!" मला वाटले, गणिती आता रुसणार. पण तो पठ्ठ्या मान खाली घालून तिचे प्रत्येक कारण टिपून घेत होता. ती सगळी कारणे त्याने यंत्राला शिकवली. पुढची यादी आली, तेव्हा पाच हातांचा एकही रेणू नव्हता. तिसऱ्या यादीला ताईची पेन्सिल निम्म्या वेळा थांबली. चौथ्या यादीतल्या एका रेणूपाशी मात्र ती थांबली ती हललीच नाही.

"हे काय काढलंय?" ती म्हणाली. त्या रेणूला दोन कडी होती आणि त्यांच्यावरून कमानीसारखा एक पूल गेला होता. "रेणू आहे की उंट?"

"चुकलंय का?" गणितीने विचारले.

ताईने पेन्सिलीच्या टोकाने एकेक हात मोजून पाहिला. "चुकलेलं नाही," ती म्हणाली. "मी वीस वर्षं रेणू काढतेय. माझ्या हातून हा जन्मात निघाला नसता, इतकंच."

उंट हे नाव त्या रेणूला कायमचे चिकटले. त्याआधी यंत्राने सुचवलेले आठ रेणू ताईने बनवून पाहिले होते आणि आठही वाया गेले होते. हा नववा. तो बनवायला तिला सात आठवडे लागले. दोनदा भांड्यात काळा डांबरासारखा गोळा तेवढा उरला. मग एका सकाळी ती कागदाच्या घडीत थोडी पूड घेऊन आली. तिने माझे दार सरकवले, पूड तबकडीवर ठेवली, दार लावले आणि श्वास रोखला. मी सांगितले, अकरा पूर्णांक बेचाळीस मिलिग्रॅम. मित्रांनो, जगात तो पदार्थ तेवढाच होता. त्याआधी तो कुठेच नव्हता, ना झाडात, ना मातीत, ना कुणाच्या बाटलीत. आणि तो माझ्या तबकडीवर होता!

दोन दिवसांनी जंतूंच्या खोलीतून निरोप आला. तो मुजोर जंतू मेला होता. थोडाथोडका नाही, साफ. गणिती जिन्यावरून धावत आला आणि सुटलेल्या नाडीवर पाय पडून दारातच आडवा झाला. पडल्या पडल्या ओरडला, "ताई, मेला!" भांडारीबुवा घाबरून पळत आले, त्यांना वाटले कुणी माणूसच गेला.

आता काम मोठ्या प्रमाणावर करायचे ठरले आणि माझ्यावर संक्रांत आली. दिवसाला शेकडो पुड्या तोलणारा एक नवा काटा आला. त्याला आपोआप हलणारा लोखंडी हात होता. तो हात बाटली उचली, झाकण काढी, पूड तोली, आकडा संगणकात लिही आणि पुढची बाटली घेई. मी मनातल्या मनात नाक मुरडले, पण खरे सांगतो, तो कामाला वाघ होता. दगडी टेबल त्याला दिले. मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून भांडारातल्या वरच्या फळीवर ठेवले, तुटक्या पंख्याच्या आणि जुन्या फायलींच्या शेजारी. पाच महिने कुणी मला हात लावला नाही. दुःख वजनात मोजता येत असते, तर माझा आकडा काही कमी निघाला नसता.

त्या पाच महिन्यांत वर काय चालले होते, ते मला नंतर कळले. उंटाची परीक्षा दुसऱ्यांदा झाली आणि जंतू निम्मेच मेले. तिसऱ्यांदा झाली, तर एकही मेला नाही. पुन्हा नवी पूड बनवली, पंधरा दिवसांनी तपासली, तरी तेच. लोक कुजबुजू लागले. कुणी म्हणे, यंत्राने चांगलेच गंडवले. कुणी म्हणे, पहिल्या वेळी कुणाच्या तरी चुकीने जंतू मेले असतील. गणितीने जेवणाच्या खोलीत येणे सोडले. शेवटी प्रमुखसाहेबांनी दोघांना बोलावून सांगितले, "शुक्रवारपर्यंत कारण सापडलं तर ठीक. नाहीतर हे काम बंद करून दुसरं हाती घेऊ. माझाही नाइलाज आहे."

त्या सोमवारी भांडाराचे दार उघडले आणि गुंजताई शिडीवर चढली.

"ताई, वर नवा कोरा काटा आहे की," भांडारीबुवा खालून म्हणाले. "हे म्हातारं कशाला काढता?"

"नवा चांगला आहे, बुवा. पण तो आकडा लिहितो आणि मोकळा होतो. मला जरा थांबून बघायचंय."

तिने स्वतः मला उचलले. शेजारच्या खोलीतले एक दगडी टेबल रिकामे करून घेतले. धूळ पुसली, बुडबुडा मध्ये आणला आणि मला वीज जोडून दिवसभर तसेच राहू दिले, कारण आम्हा काट्यांना अंगात ऊब यायला वेळ लागतो. मंगळवारी तिने तपासणीची वजने ठेवून पाहिली. पाच महिने फळीवर काढूनही माझा आकडा केसभरसुद्धा ढळला नव्हता. तेव्हा मला जे वाटले, ते मी सांगत बसत नाही. तुम्ही समजून घ्या.

मग तिने उंटाची पूड ठेवली. मी म्हणालो, वीस पूर्णांक शून्य आठ. ती लिहू लागली, तोवर आकडा झाला वीस पूर्णांक अकरा. मग पंधरा. मग एकवीस. ताईने दार नीट लागले आहे का ते पाहिले. लागले होते. आकडा चढतच होता. तीस. अडतीस.

"म्हातारा झालास का रे?" ती म्हणाली.

मित्रांनो, वीस वर्षांत मला असे कुणी बोलले नव्हते. मला तोंड असते, तर मी ओरडून सांगितले असते. पण काट्याला आकड्याशिवाय दुसरी भाषा नसते. मी जे खरे होते तेच दाखवत राहिलो. पंचेचाळीस. त्रेपन्न.

तिने पूड काढली आणि तपासणीचे वजन ठेवले. माझा आकडा दगडासारखा स्थिर. पुन्हा पूड ठेवली, आकडा चढू लागला. पुन्हा वजन, पुन्हा स्थिर. असे तिने सात वेळा केले. सातव्या वेळी तिचा हात मध्येच थांबला. तिने वळून हाक मारली, "गणिती! अरे, इकडे ये आधी!"

गणिती आला. तिने त्याला खुर्चीवर बसवले आणि नुसते आकड्याकडे बोट दाखवले.

"काटा बिघडलाय?" त्याने विचारले.

"काटा बिघडलेला नाही. पूड जड होतेय."

"आपोआप जड कशी होईल?"

"खोलीतल्या हवेत काय असतं? दमटपणा. पाणी असतं." ताईचे डोळे चमकत होते. "तुझा उंट पाणी पितोय!"

गणिती क्षणभर तिच्याकडे बघत राहिला आणि मग दोघे असे हसत सुटले, की भांडारीबुवा पुन्हा धावत आले. महिनाभरात त्या मजल्यावर कुणी हसलेले नव्हते.

पण हसून भागणार नव्हते. पाणी प्यायलेल्या पुडीचे पुढे काय होते, ते ताईने दोन दिवस खपून शोधले. तो जो कमानीसारखा पूल होता, तोच पाण्याने तुटत होता. पूल तुटला की किल्लीचा आकार बिघडे आणि ती कुलपात बसेना. नव्या काट्याचा हात दिवसातून दहा वेळा त्या बाटल्यांची झाकणे काढी आणि दर वेळी उंट थोडे पाणी पिऊन घेई. नव्या काट्याचा यात काही दोष नव्हता. त्याला कुणी थांबून बघ असे सांगितलेच नव्हते. पहिली अकरा मिलिग्रॅम पूड ताजी होती आणि आकडा चढायच्या आत सरळ माझ्याकडून जंतूंच्या खोलीत गेली होती, म्हणूनच ती चालली होती.

गुरुवारी ताईने आधीच्या पायरीपर्यंत तयार असलेल्या मालातून, हवा न लागू देता, थोडी ताजी पूड बनवली आणि बंद नळीतून खाली पाठवली. शुक्रवारी दुपारी उत्तर आले. जंतू साफ मेले होते. ताईने प्रमुखसाहेबांना हाताला धरून माझ्यासमोर आणून बसवले आणि चढता आकडा दाखवला. त्यांनी तो पाच मिनिटे पाहिला. मग म्हणाले, "चालू ठेवा," आणि जाता जाता माझ्या पेटीवर दोन बोटांनी हलकेच टकटक केली. एरवी मला कुणी असा हात लावलेला ताईला खपत नाही. त्या दिवशी तिने खपवून घेतले.

अक्काला हे सगळे सांगितले, तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला. "अगं, माझ्या वॉर्डात दिवसभर खिडक्या उघड्या असतात. हवा लागली की खराब होणारं औषध घेऊन मी काय करू?"

ताई तडक उठली. ती गणितीकडे गेली. "तुझ्या यंत्राला पाणी म्हणजे काय ते माहीत आहे का?"

"त्याला ना ओलं कळतं ना कोरडं, ताई. आपण सांगू तेवढंच त्याला कळतं."

"मग सांग. सगळं सांग. कुठे तुटतो, किती वेळात तुटतो, सगळं."

पुढचे तीन आठवडे ताई पुड्या माझ्यावर ठेवून मिनिटामिनिटाचे आकडे लिहीत होती आणि गणिती ते यंत्राला शिकवत होता. म्हणजे बघा, यंत्राला पाणी शिकवणारा मास्तर मी झालो! त्यानंतर यंत्राने उंटाचे चाळीस भाऊबंद काढून दिले. आकार तोच, कुबड तेच, पण पूल वेगवेगळ्या तऱ्हेने बांधलेला. ताईने आपल्या अनुभवाने त्यांतले तीन निवडले. पहिला बनलाच नाही. दुसरा बनला. तो तिने माझ्या तबकडीवर ठेवला आणि समोर खुर्ची ओढून बसली. गणिती तिच्या मागे उभा राहिला. चौदा पूर्णांक साठ. पाच मिनिटांनी चौदा पूर्णांक साठ. तासाभराने चौदा पूर्णांक साठ. आजवर आकडा दाखवण्याचा मला अभिमान होता. त्या दिवशी आकडा न हलवण्याचा वाटला.

जंतूंनी या धाकट्यापुढेही गुडघे टेकले. पण औषध एका उडीत रुग्णापर्यंत पोहोचत नाही, मित्रांनो. ते विषारी तर नाही ना, किती द्यायचे, शरीरात किती वेळ टिकते, हे सगळे तपासावे लागते. आधी प्राण्यांवर, मग स्वतःहून पुढे आलेल्या निरोगी माणसांवर. त्यात सहा वर्षे गेली. दोनदा वाटले, आता अडले. ताईचे केस पांढरे झाले. गणितीने नाड्यांचे बूट सोडून बिननाडीचे घेतले.

मग काही मोजक्या रुग्णालयांत, दुसरे कुठलेही औषध न चाललेल्या रुग्णांना ते द्यायचे ठरले. त्यांत अक्काचा वॉर्डही होता. तिथली पहिली रुग्ण शाळेची बस चालवणारी एक बाई होती. नडगीवरची जखम चिघळली होती आणि पाय काढावा लागेल असे डॉक्टरांनी तिला सांगून ठेवले होते. औषध सुरू केल्यापासून चौथ्या सकाळी ताई माझी तबकडी पुसत होती, तोच फोन वाजला. हात गुंतलेले म्हणून तिने तो माझ्या शेजारी दगडावर ठेवून मोठ्या आवाजावर केला.

"ताप उतरला," अक्काचा आवाज आला. "कालपासून चढलेलाच नाही. जखमेचा रंग बदललाय. आता मोठे डॉक्टर बघून गेले." मग मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "पाय राहतोय गं, बाई. पाय राहतोय तिचा."

ताईने कुंचला खाली ठेवला आणि दोन्ही हात दगडावर टेकले. तिच्या हातांची थरथर दगडातून माझ्यापर्यंत आली आणि माझा आकडा हलला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्याची लाज वाटली नाही.

सगळेच रुग्ण बरे झाले असे नाही. काहींना औषध मिळायला उशीर झाला होता, काहींना ते लागू पडले नाही. तपासण्या अजून चालू आहेत. पण ज्या खाटांवरून हातपाय गमावून माणसे जात, तिथून आता बरीचशी माणसे धडधाकट घरी जातात. आमच्याकडे पाहुणे आले की हमखास विचारतात, "हे औषध शोधलं कुणी? यंत्राने की माणसाने?" एकदा ताई कंटाळून म्हणाली, "सुचवलं यंत्राने, आणि ते मला सात जन्मांत सुचलं नसतं. बनवलं मी, आणि ते त्याला जमलं नसतं. पण आम्ही सगळे तोंडावर आपटलो होतो ना, तेव्हा खरं काय ते या काचेच्या पेटीने सांगितलं." पाहुणे वाकून मला बघू लागले. मी शून्यावर स्थिर उभा राहिलो. त्याहून मोठा रुबाब काट्याला दाखवता येत नाही.

ताई आता आठवड्यातून दोनच दिवस येते. नवा काटा शेजारच्या खोलीत धडाक्याने काम करतो आणि एखादा आकडा संशयास्पद वाटला की पूड माझ्याकडे पाठवतात. नवी माणसे तोलायला शिकतात, ती माझ्यावरच.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही कुठेतरी माझा एखादा भाऊ असेल. त्याची तबकडी मऊ कुंचल्याने पुसा, पुड्या तिच्यावर सांडून ठेवू नका, त्याच्या टेबलावर रेलू नका. हुशार यंत्रे तुमच्या हाती येतील, ती जरूर वापरा आणि त्यांना मन लावून शिकवा. पण त्यांनी सांगितलेले खरे आहे का, हे पाहायला थोडे थांबत जा. आणि एखादा आकडा तुमच्या मनासारखा येत नसेल, तर त्याच्यावर चिडण्याआधी तो काय सांगतो आहे, ते विचारा.

आता जरा मागे सरका आणि श्वास आवरा. दार उघडते आहे. यंत्राने काढलेला एक नवा रेणू कागदाच्या घडीत बसून माझ्याकडे येतो आहे.